पोपटमाशाचं वर्किंग मॉडेल – कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

यंदा तालुका विज्ञान प्रदर्शनाला ज्वालामुखी नाही, पवनचक्की नाही आणि ठिबक सिंचन तर अजिबातच नाही, हे मंडळाच्या मीटिंगमध्ये आधीच सांगून टाकलं. विषय मुलांनीच दिला खरं तर. प्रवाळ बेटं शिकवताना सातवीतल्या एकीने विचारलं होतं की सर, लक्षद्वीपला नदी नाही, डोंगर नाही, मग तिथे एवढी पांढरी वाळू येते कुठनं. आपल्याकडची वाळू नदी आणते, किनाऱ्याचा खडक झिजून येते, हे कोकणातल्या पोराला सांगावं लागत नाही. तिथली वाळू मात्र जवळजवळ सगळी जिवंत गोष्टींनी बनवलेली, प्रवाळांचे तुकडे, शिंपल्या, चुनखडी साठवणारं शेवाळ, आणि ते सगळं बारीक करणाऱ्यांमध्ये एक मासा. पोपटमासा.

तर ठरलं असं: पुढून दगड खाणार, मागून वाळू टाकणार, आणि बघणाऱ्याने स्वतः हँडल फिरवायचं. थर्माकोलचा मासा आणि बाजूला बाणांचा तक्ता, हे नको.

६ नोव्हेंबर

पोपटमाशांच्या शंभरेक जाती आहेत त्यातली कुठली घ्यायची यावर वेळ गेला. मुलांना सगळ्यात मोठा पाहिजे होता, तो कपाळावर टेंगूळ असलेला, बोल्बोमेटोपॉन, सव्वा मीटरपर्यंत वाढतो. पण मला लक्षद्वीपला सहज दिसणारा हवा होता म्हणून क्लोरूरस सॉर्डिडस घेतला. जास्तीत जास्त चाळीस सेंटिमीटरचा, हिंदी महासागरात भरपूर, आणि मुख्य म्हणजे नुसता खरवडणारा नाही तर खणणारा. यांच्यात हे दोन प्रकार असतात. स्कारस वंशातले बरेचसे वरवर खरवडतात, क्लोरूरस वंशातले चावा घेतात तो खडकात खाच पाडून. आपल्याला खाच पाडणाराच पाहिजे, नाहीतर मॉडेलमध्ये दिसणार काय.

साइज ठरवली एक मीटर, म्हणजे खऱ्याच्या अडीचपट. बेसला १२ एमएम प्लाय, एका बाजूला अॅक्रिलिकची खिडकी ज्यातून आतली यंत्रणा दिसेल, दुसऱ्या बाजूला कातडी. हँडल शेपटीजवळ, एकाच शाफ्टवरून जबडा पण चालेल आणि आतली चक्की पण.

एक ओळखीचा मुलगा मागच्या वर्षी लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर जाऊन आला त्याच्याकडून पाण्याखालचा व्हिडिओ मागवला. दहा-बारा मासे एका मेलेल्या प्रवाळावर तुटून पडलेत आणि आवाज येतोय कडकड कडकड, स्पष्ट! मुलं गप्प झाली ऐकून. मग त्यातला एक मासा थोडा पुढे गेला आणि मागून पांढरा ढग सोडला, तेव्हा जे हसायला लागले ते थांबेचनात. म्हणलं हसा, हेच आपलं मॉडेल आहे.

९ नोव्हेंबर

आज नुसता मालमसाला. खरं प्रवाळ वापरायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलेलं कारण एका पालकाने घरात शोकेसमध्ये असलेला तुकडा देऊ केला होता. कठीण प्रवाळ सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ पासून, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि मेलेला तुकडा उचलला तरी तो गुन्हाच. त्यांना नम्रपणे नाही म्हणलं.

मग मुलं म्हणाली खडू. खडू पांढरा, खडू मऊ, शाळेत फुकट. आता इथे गंमत. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर व्हिनेगर टाकलं की फसफसतं. आमच्या फळ्यावरच्या खडूवर टाकलं तर काहीच नाही, नुसता ओला झाला. कारण हल्लीचे बरेच खडू जिप्समचे, कॅल्शियम सल्फेट. मग डब्यातल्या अंड्याचं टरफल टाकलं, लगेच बुडबुडे. तिसऱ्यांच्या शिंपल्या टाकल्या, त्या पण फसफसल्या. तर खडू बाद, अंड्याची टरफलं पास. स्टँडजवळच्या भुर्जीच्या गाडीवाल्या काकांशी बोलून ठेवलं, रोज रात्री एक पिशवी ठेवतात, धुवून वाळवायचं काम आठवीचं. तिसऱ्या फार कडक पडतात आमच्या मशीनला म्हणून त्या थोड्याच, चुरा करून.

टरफलांचा भरडा, मैद्याची खळ, कागदी कपात दाबून दोन दिवस उन्हात. निघणारी वडी हाताला खडबडीत लागते, नखाने निघत नाही पण ठोकलं तर तुटते. बरोब्बर.

१६ नोव्हेंबर

चोच. यावर सगळ्यात जास्त वेळ जाणार हे माहिती होतं.

पोपटमाशाची चोच म्हणजे एक हाड नव्हे, शेकडो दात एकमेकांना चिकटून झालेली भिंत आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत बर्कली लॅबच्या एक्स-रे यंत्रावर याच वंशातल्या एका जातीचे दात तपासले, पुपा गिल्बर्ट आणि मॅथ्यू मार्कस यांच्या टीमने. साधारण हजार दात, पंधरा रांगांमध्ये, एक रांग झिजून पडली की मागची पुढे येते, आयुष्यभर. दात कशाचा तर फ्लोरअॅपटाइटचा, आपल्या दातावरच्या इनॅमलच्या नात्यातला पण त्यात फ्लोरीन, आणि त्याच्या स्फटिकांच्या बारीक दोऱ्या एकमेकींत विणलेल्या. टोकाकडे जाताना दोऱ्या अजून बारीक होत जातात, पाच मायक्रॉनवरून दोन मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दर चौरस इंचाला ५३० टन दाब हा दात सोसतो असं त्यांनी सांगितलं. मुलांना मी एवढंच सांगितलं की तांब्यापेक्षा कडक, आणि तो दाताने दगड फोडतो तरी त्याचा दात तुटत नाही कारण विणकाम.

आमची चोच पीओपीची केली ती पहिल्याच वडीला ओठापासून तुटली. मग आतून स्टीलच्या पत्रीचा सांगाडा, वरून इपॉक्सी पुट्टी, आणि पुट्टी ओली असतानाच त्यात पांढरे मणी रांगेने दाबायचे, प्रत्येक रांग आधीच्या रांगेच्या फटीवर, जशी कौलं घालतात. हे काम सहावीच्या मुलींनी केलं, माझ्या बोटाला जमत नव्हतं इतकं बारीक. पंधरा रांगा बसल्या नाहीत, नऊ बसल्या. चालतंय. चावायच्या कडेला मात्र मणी नाहीत, तिथे पत्रीची धारच उघडी ठेवलीये नाहीतर वडी तुटणार नाही.

खऱ्या माशात दोन्ही जबडे हलतात, आम्ही खालचाच हलवतोय. दोन हलवायचे तर शाफ्टवर दोन कॅम, म्हणजे जबडा ढकलणाऱ्या चकत्या, लागतात आणि मग हँडल इतकं जड होतं की चौथीतलं पोर फिरवू शकत नाही.

२३ नोव्हेंबर

चोच दिसते बाहेरून म्हणून लोक तिच्याबद्दलच बोलतात पण वाळू काही चोच करत नाही. चोच फक्त खडे तोडते. वाळू होते घशात. माशांना घशात दुसरे जबडे असतात आणि पोपटमाशाचे तर खास, वर दोन हाडं, खाली एक, दोन्हींवर दातांच्या ओळी, आणि मधून जाणारा प्रत्येक खडा रगडला जातो. जात्याची वरची पाळ आणि खालची पाळ, तसंच, फक्त गोल फिरत नाही, पुढेमागे घासतं.

हे करायला हॅक्सॉ ब्लेड वापरली. जुनी ब्लेड तुकडे करून सागाच्या ठोकळ्यात उभ्या खाचा पाडून बसवली, एकामागे एक, वरच्या ठोकळ्याला तशीच. खालचा ठोकळा क्रँकवर पुढेमागे सरकतो, वरचा स्प्रिंगने दाबलेला. स्प्रिंग जुन्या सायकलच्या स्टँडची. आमच्या इथल्या फॅब्रिकेशनवाल्या दादांनी शाफ्ट वळवून दिला आणि दोन बेअरिंग फुकट दिली, वर म्हणाले सर हे मासे विकायचं मशीन आहे का. म्हणलं नाही, वाळूचं. त्यावर ते जरा बिचकले, वाळू म्हणलं की आमच्याकडे वेगळेच विषय निघतात.

संध्याकाळी ट्रायल. वडी चोचीला लावली, हँडल फिरवलं, कड् कड् करत तुकडे आत, ब्लेडमध्ये खरखर, आणि खालनं चक्क भुकटी पडायला लागली. फार बारीक नाही, रव्यापेक्षा जाड. पण भुकटी!

३० नोव्हेंबर

आतडं. पोपटमाशाला जठर नसतं, घशातून थेट लांब आतडं, त्यामुळे "माशाच्या पोटातून वाळू" असं आपण बोलतो ते जरा सैलच आहे. बरं झालं, एक पार्ट कमी. एक इंची पारदर्शक पाइप नागमोडी करून शेपटीकडे काढला. भुकटी दुसऱ्या वळणावर अडकते. उतार वाढवला, तरी अडकते. पाइपला आतून पावडर लावली, थोडं बरं. शेवटी जुन्या मोबाइलची व्हायब्रेटरची मोटर केबल टायने पाइपला बांधली आणि एका सेलवर चालवली तेव्हा सुटलं. खऱ्या माशाकडे पाणी आहे, चिकट द्रव आहे, त्याला मोबाइल लागत नाही.

इथे नववीतल्या एकाने बरोबर प्रश्न काढला: दगड खाऊन त्याला मिळतं काय? वर्षानुवर्षं पुस्तकात एकच उत्तर, शेवाळ खातो. २०१७ मध्येच एका अभ्यासगटाने नीट मांडणी केली की त्याला नुसतं शेवाळ नको असतं, खडकावर आणि खडकाच्या आत वाढणारे सूक्ष्मजीव, खास करून सायनोबॅक्टेरिया, हे त्याचं खरं पौष्टिक जेवण, प्रोटीन तिथे. म्हणून तो मेलेल्या प्रवाळावर, जुन्या चुनखडीवर चावे घेत फिरतो, आणि चुना आपोआप आत जातो. सगळ्या जाती जिवंत प्रवाळ खात सुटतात हा गैरसमज. म्हणून आमच्या वडीच्या वरच्या तोंडाला पातळ हिरवा रंग दिलाय. पहिली चिमूट वाळू हिरवट पडते, मग पांढरी.

४ डिसेंबर

परीक्षा. काम बंद. फक्त टरफलं येतायत, वर्गाला वास मारतोय, शिपाईमामा वैतागलेत.

७ डिसेंबर

कातडी. कागदी लगद्याची, आणि ती गणपतीच्या शाळेत जाऊन केली. सीझन संपलेला त्यामुळे मूर्तिकार काकांना वेळ होता, आणि त्यांना मूर्ती नसलेलं काही रंगवायला मिळालं म्हणून खूश. कॉम्प्रेसर, स्प्रे गन, मोत्याची चमक देणारा रंग, सगळं त्यांचं.

कातड्या दोन केल्यात आणि वेल्क्रोने अदलाबदल करता येतात, कारण या माशाची खरी करामत रंगात आहे. तरुणपणी तपकिरी, तोंडाशी तांबूस, कोणी वळून बघणार नाही असा. हे बहुतेक करून मादी. मोठा झाला, जागा मिळाली, की तीच मादी नर होते आणि रंग पूर्ण बदलतो, हिरवा-निळा, खवल्यांच्या कडा गुलाबी, गालावर केशरी झाक. एक मोठा नर आपला इलाका राखतो आणि त्यात बऱ्याच माद्या, तो गेला की त्यांच्यातली मोठी त्याची जागा घेते. काही नर जन्मापासून नरच असतात पण तपकिरी रंगात माद्यांसारखे फिरतात, तो फाटा बोर्डावर नको म्हणलं, जागा नाही. जुन्या काळच्या शास्त्रज्ञांची पण या रंगांनी चांगली फजिती केलेली, एकाच जातीचं पिल्लू वेगळं, मादी वेगळी, नर वेगळा धरून नावं देत सुटले, तीनशेहून जास्त नावं झाली, जाती निघाल्या शंभराच्या आसपास.

काका रंग मारता मारता ऐकत होते. म्हणाले "म्हणजे आधी बाई नि मग बुवा? आमच्या दशावतारात बुवाचा बाई होता, ह्यांचा उलटा." यावर मी काय बोलणार.

पंखाबद्दल त्यांना एक सांगावं लागलं. हा मासा शेपटी हलवून पोहत नाही सहसा, छातीजवळचे दोन पर मारत जातो, पक्ष्यागत. शेपटी घाई असेल तर. म्हणून पर मोठे आणि पसरलेले पाहिजेत. त्यांनी ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या जुन्या प्लास्टिक शीटचे कापून दिले, झकास दिसतायत.

१२ डिसेंबर

रात्रीचा कोश करायचा की नाही यावर वाद. मी म्हणत होतो नको, मुख्य गोष्ट वाळू आहे. पण मुलांनी कुठेतरी फोटो बघितला आणि आता ऐकत नाहीत.

काही पोपटमासे रात्री झोपताना कल्ल्यांजवळच्या ग्रंथींतून चिकट द्रव सोडून स्वतःभोवती पारदर्शक पिशवी करतात आणि आत झोपतात, आमचा सॉर्डिडस पण त्यातलाच. पूर्वी वाटायचं शिकारी माशांना वास लागू नये म्हणून. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर लिझर्ड बेटाला नेमक्या याच जातीवर प्रयोग झाला, २०११ च्या आसपास छापून आला. काही मासे पिशवीत ठेवले, काहींची पिशवी हळूच काढली, आणि दोघांजवळ रक्त पिणारे बारीक कवचधारी किडे सोडले, नॅथिइड म्हणतात त्यांना. पिशवी नसलेल्यांपैकी ९४ टक्के माशांना किडे लागले, पिशवीवाल्यांपैकी फक्त १० टक्क्यांना. दिवसभर हे किडे काढायला सफाई करणारे मासे असतात, रात्री ते पण झोपतात, म्हणून ही सोय. खर्च पण फार नाही, दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या अडीच टक्के.

एका मुलीचं म्हणणं, सर ही मच्छरदाणी आहे सरळ. वाद संपला. तारेच्या तीन रिंगा आणि त्यावर किचनमधली क्लिंग फिल्म, गालाजवळून मागे सरकवली की मासा पिशवीत. दहा मिनिटांत झालं आणि मला उगाच विरोध करावासा वाटत होता.

१५ डिसेंबर

बोर्डावरचा मजकूर. इथे मी हटून बसलो.

मुलांनी पहिल्यांदा लिहिलेलं: "पोपटमासा समुद्राचा रक्षक". खोडलं. मग एकाने लिहिलं: "पोपटमासा प्रवाळ नष्ट करतो". ते पण खोडलं. दोन्हींत मासा आपल्या सोयीचा करून टाकलाय. रीफ म्हणजे प्रवाळांनी रचलेली भिंत, आणि तिथे रोज बांधकाम आणि रोज पाडकाम, दोन्ही चालू. प्रवाळ चुना रचतात, पोपटमासे, समुद्री साळ्या (काटेरी चेंडूसारखे जीव, सी अर्चिन), लाटा, वादळं पाडतात. पाडलेलं वाया जात नाही, वाळू होते, बेटावर जाते. २०१५ साली मालदीवमध्ये वक्कारू नावाच्या बेटाभोवतीच्या रीफवर हिशोब काढला गेला, तिथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूतली ८५ टक्क्यांहून जास्त पोपटमाशांनी केलेली निघाली. मालदीव आणि लक्षद्वीप एकाच समुद्रातल्या एकाच डोंगररांगेवर बसलेत. टेंगूळवाला मोठा पोपटमासा तर एकटा वर्षाला पाच टनांवर चुनखडी खातो, त्यातली जवळजवळ निम्मी जिवंत प्रवाळाची. म्हणजे दिवसाला चौदा-एक किलो. त्याला रक्षक म्हणायचं की काय म्हणायचं?

खरवडण्याचा फायदा आहेच. खडक मोकळा राहतो, नव्या प्रवाळांच्या अळ्यांना बसायला जागा मिळते, शेवाळाचं जंगल माजत नाही. कॅरिबियनमध्ये १९८३-८४ ला काळ्या साळ्या रोगाने मेल्या आणि चरायला मुख्य उरले पोपटमासेच, ते पण लोकांनी पकडले. बेलीझ देशाने २००९ मध्ये पोपटमासे पकडायला बंदीच केली.

पण हिशोबाची दुसरी बाजू बिघडतेय ती माशामुळे नाही. समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात आणि बरेच मरतात. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि परत २०२४ ला हे झालं. बांधणारे कमी झाले आणि पाडणारे तेवढेच राहिले तर काही वर्षं वाळू उलट भरपूर दिसेल, मागाहून रीफ खचायला लागेल आणि लाटा अडवणारं कोणी राहणार नाही, आणि ती बेटं सगळी मिळून फक्त ३२ चौरस किलोमीटर, समुद्रापासून जेमतेम दोन-चार मीटर वर. वाळू आणि भिंत दोन्ही एकाच बँकेतनं येतात.

हे सगळं बोर्डावर मावत नाही म्हणून मुलांनी असं केलं: माशासमोर एक तराजू, एका पारड्यात न फोडलेल्या वड्या, दुसऱ्यात निघालेली वाळू. रोज नवीन वड्या टाकणारी एक मुलगी, तिच्या गळ्यात पाटी "मी प्रवाळ". तिने थांबायचं ठरवलं की काय होतं ते बघणाऱ्याने बघायचं. ही आयडिया माझी नाही.

१९ डिसेंबर

शाळेतच ट्रायल, सगळे वर्ग येऊन गेले. प्राथमिकच्या पोरांना फक्त शेपटीकडे उभं राहायचं होतं. शेवटी रांगेला दोन भाग केले, तोंडाकडची रांग आणि शेपटीकडची रांग.

ब्लेडमधून येणारी भुकटी आता बारीक येतेय कारण मागच्या चार ओळींत इंचाला बत्तीस दातांची ब्लेड घातली, पुढे अठरा दातांची. पडलेल्या वाळूवर ड्रॉपरने व्हिनेगर टाकायचं आणि फसफस बघायची, हे शेवटचं स्टेशन. बाजूला आपल्या किनाऱ्यावरची वाळू ठेवलीये, त्यावर पण टाकायचं, ती इतकी फसफसत नाही, शिंपल्यांचे तुकडे असतील तेवढ्यापुरतीच. एक वाटी लक्षद्वीपची वाळू ठेवा अशी सूचना आली, पण तिथनं वाळू-प्रवाळ उचलून आणणं बरोबर नाही, विषय बंद.

२३ डिसेंबर

प्रदर्शन झालं. दुसरा नंबर. पहिला आला पायाने चालणाऱ्या सॅनिटायझरला, अजून!

परीक्षकांनी विचारलं याचा दैनंदिन जीवनात उपयोग काय. "मी प्रवाळ" वाली सरळ म्हणाली, "सर, लक्षद्वीपच्या माणसांचं घर यावर उभं आहे." परीक्षकांनी ते लिहून घेतलं की नाही कळलं नाही, पण नंतर स्वतः हँडल फिरवत बराच वेळ उभे होते. एका काकांनी विचारलं हा खायला कसा लागतो. आठवीच्या मुलाने उत्तर दिलं की लागतो चांगला, काही ठिकाणी खातात पण, पण मग वाळू कोण करणार. मालवणच्या एका शाळेचे सर येऊन फोटो काढून गेले, त्यांच्याकडे सागरी अभयारण्य दारात आहे, १९८७ पासूनचं, आणि आंग्रिया बँक या पाण्याखालच्या पठाराची रीफ त्याच किनाऱ्यासमोर खोल समुद्रात, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला. त्यांना म्हणलं मॉडेल मागा, देतो.

तराजूचा प्रयोग दुपारी झाला. ती मुलगी जेवायला गेली आणि अर्ध्या तासात वड्यांचं पारडं रिकामं, वाळूचं खाली. लोक हँडल फिरवतच होते, चोच नुसती हवेत उघडझाप करत होती आणि कोणी थांबेना. एका छोट्या पोराने ओरडून विचारलं, "प्रवाळ कुठे गेलं?" ती डबा तसाच टाकून धावत आली.

२७ डिसेंबर

मालवणच्या सरांचा फोन, जानेवारीत त्यांच्या स्नेहसंमेलनाला मॉडेल पाहिजे. त्याआधी करायचं: हँडलचा बोल्ट दर तासाला सैल होतोय, नायलॉकचा नट बसवणे. खालच्या जबड्याची पत्री वाकलीये, दोन एमएमची घालणे. डाव्या पराची शीट फाटली. स्प्रिंग ठीक आहे. वेल्क्रो धुळीने धरत नाही, त्याऐवजी लोहचुंबक बघणे. वड्या संपल्यात, शंभर तरी लागतील, भुर्जीवाल्या काकांना परत सांगणे, आणि या वेळी वाळवण गच्चीवर, वर्गात नको.